हिवाळ्यापुरती आलेली थर्झा

लेकरू दे माझ्याकडे, आणि तू ही सुरी घे. सफरचंदं सोलत बस. कुणी डोकावलं तर हात चालू दिसले पाहिजेत, रिकाम्या हातांना इथे फार प्रश्न विचारतात. तुझा नवरा थोरल्या दादांच्या खोलीत गेलाय ना? ते आधी त्याला आमची शिकवण सांगतील, मग नियम, मग कागद पुढे करतील. थोडक्यात बोलणं दादांना कधी जमलं नाही. तेव्हा तासभर आहे आपल्याकडे. ऐक.

मी केझाया. सत्तावीस वर्षं या वस्तीच्या स्वयंपाकघरात काढली. गाद्या-पांघरुणंही माझ्याच ताब्यात. नोव्हेंबरात तुमच्यासारख्यांना गाद्या काढून द्यायच्या, एप्रिलमध्ये झटकून परत रचायच्या. पश्चिमेला निघालेली गाडी ओहायोत इथवर येईतो बैल मरतो, नाहीतर पीठ संपतं, नाहीतर बर्फ गाठतं. मग माणसांना एकाएकी आमचा धर्म पटायला लागतो. हिवाळी श्रद्धावंत म्हणतो आम्ही त्यांना. तोंड पाडू नकोस, तुला टोमणा नाही मारत. पोटासाठी आलात, त्यात लाजायचं काय? मीही एका नोव्हेंबरातच आले होते.

थर्झा पिकेट अशीच आली, एकोणीस वर्षांपूर्वी. नवरा आसाहेल, उंच, बडबड्या, हातात कायम कसला तरी नकाशा. आणि चार वर्षांची लोविना. आयोवाला निघाले होते. एक बैल वाटेतच मेला, उरलेला लंगडत होता. पोरीच्या पायांना फडकी गुंडाळलेली. मी तिला दूध-पाव दिला, तर तिने अर्धा पाव आईच्या खिशात कोंबला. तिला वाटलं, उद्या मिळायचा नाही.

तो काळच तसला होता बघ. जो तो जग सुधारायला निघालेला. एक यायचा तो म्हणायचा दारू सोडा, दुसरा मांस सोडा, तिसरा गुलामांना सोडा. आम्ही म्हटलं, आपलं आणि परकं हेच सोडा, बाकीचं आपोआप सुटेल. आणि खोटं कशाला बोलू, पुष्कळ सुटलंही. इथे कुणी बाईवर हात उगारत नाही, कुणी उपाशी निजत नाही. पळून आलेल्या गुलामांना याच टेबलावर वाढलंय मी. पण इथे आई नाही, बाप नाही, नवरा नाही. बायका एका घरात, पुरुष दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. सगळे एकमेकांचे ताई नि दादा. एकाच माणसावर जास्त जीव लावला तर तो बाकीच्यांच्या वाट्याचा चोरला, असं आम्ही मानतो. सोल तू, थांबू नकोस.

आसाहेलने कागदावर हसत हसत सही केली. मी शाई घेऊन उभी होते. कागदात लिहिलं होतं की लोविनाला आम्ही सांभाळू, शिकवू, पोटभर घालू, आणि अठरा वर्षांची होईतो ती आमच्या ताब्यात राहील. थर्झा म्हणाली, "अहो, अठरा वर्षं लिहिलंय." तो म्हणाला, "अगं, वसंतात निघायचंय आपल्याला. कागद काय, चुलीत घालायला होतो."

मार्चमध्ये तो एकटाच पुढे गेला. जमीन बघतो, खोपटं उभं करतो, मग तुम्हाला न्यायला येतो म्हणाला. थर्झा माझ्या हाताखाली पीठ मळायला लागली. कामाला वाघ होती. बोलायची मात्र मोजकं. पोरीला दुपारच्या जेवणात बघायची, तेही लांबून. पोरांच्या रांगा येतात, मुकाट जेवतात, मुकाट जातात. पहिल्या महिन्यात लोविना "आई" म्हणून धावत आली, तेव्हा पोरांच्या घरातल्या ताईने तिला हळूच परत जागेवर बसवलं. मारलं नाही हो, कधीच नाही. नुसतं परत बसवायचं, दर वेळी. नाताळापर्यंत ती धावायची थांबली.

तीन वर्षांनी आसाहेल फाटकाशी उभा राहिला. माणूस शब्दाला जागला, एवढं श्रेय देते मी त्याला. नवी गाडी, दोन बैल. म्हणाला, खोपटं झालंय, विहीर लागलीय. थोरल्या दादांनी कागद दाखवला. "तुमची बायको मोकळी आहे, खुशाल न्या. मुलगी नाही." आसाहेल ओरडला, मग रडला, मग वकिलाकडे जाऊन आला आणि गप्प झाला. थर्झाला फाटकाशी बोलायला दिलं, मी सोबत होते म्हणून. नियम आहे तसा.

तो म्हणाला, "चल तू. कुठल्या दुःखात नाहीये पोर. आपल्याला अजून होतील."

थर्झा म्हणाली, "तुम्हाला होतील."

"अगं, अकरा वर्षं राहिलीत अजून."

"मोजता येतं मला. तुम्ही घर सारवून ठेवा. ती अठराची झाली की तिला घेऊन येते."

गेला तो. पाच-सहा वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. मेला की दुसरी केली, कोण जाणे. थर्झाने विचारलं नाही आणि मी बोलले नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की १८५२ सालच्या मे महिन्यात लोविना अठरा वर्षांची होते. त्या मेसाठी ती जगत होती. दर वर्षी आम्हाला बुटांचा नवा जोड मिळतो. एका वर्षीचा जोड तिने पायात घातलाच नाही, पोरीच्या वाटेसाठी ठेवला, आणि जुन्यालाच टाके घालत फिरली.

आता माझं ऐक. शनिवारी आम्ही छोटे गोल पाव करायचो, पोरांसाठी. एका शनिवारी मी पाहिलं, थर्झाने एका पावाच्या पोटात मेपलच्या साखरेचा खडा दडवला आणि तो पाव टोपलीत अशा जागी ठेवला की वाढताना बरोबर लोविनाच्या ताटात जावा. साखर माझ्या कपाटातली. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पुढच्या शनिवारी कपाटाची किल्ली मीच लावायची विसरले. मग दर शनिवारी विसरत गेले. आठ वर्षं. त्या पोरीला कधी कळलं नाही की बाकीच्यांच्या पावात साखर नसते. गप्प बसून जेवायचं, विचारणार कुणाला?

आणि पोर काय गुणी निघाली म्हणून सांगू. आवाज असा की ती गायला लागली की म्हातारे दादासुद्धा डोळे पुसायचे. खोटं बोलायची नाही, हातचं राखायची नाही. जशी माणसं घडवायला ही वस्ती उभी केली, तशी अगदी. आम्हीच घडवली ना तिला. त्यात खोट कुठून असणार?

पोर अठराची व्हायला महिना उरला असताना, एप्रिलमध्ये, कपडे वाळवायच्या माळ्यावर थर्झाने तिला गाठलं. मी खाली जिन्यापाशी राखणीला. सगळं ऐकू येत होतं. थर्झाने बाप सांगितला, आयोवा सांगितलं, विहीर सांगितली. बूट दाखवले. मग म्हणाली, "दर शनिवारी तुझ्या पावात साखर असायची ना? ती मी घालायची. तुझ्या एकटीच्या."

मग लोविनाने विचारलं, "एकटीच्या? बाकीच्यांच्या पावात नव्हती?"

"नाही गं. फक्त तुझ्या."

ती खाली उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, आईची ओळख पटली. मूर्ख बाई मी.

पुढच्या रविवारी सभेत ती उठून उभी राहिली. कुणी विचारलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "आठ वर्षं मी बाकीच्या मुलींच्या वाट्याचं खाल्लं. मला माहीत नव्हतं, पण खाल्लं. थर्झाताईंनी माझ्यावर वेगळा जीव लावला. त्यांना यातून सोडवा. मलाही सोडवा." आणि रडायला लागली. तिला खरंच वाईट वाटत होतं गं, तेच तर. राग असता तर कधीतरी निवळला असता.

थोरल्या रोडाताई बायकांच्या बाजूच्या प्रमुख. त्या माझ्याकडे वळल्या. "केझायाताई, पीठ तुमच्या देखरेखीखाली मळतात. तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नाही, ताई."

थर्झाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साखर कुठून आणली विचारलं, तर म्हणाली चोरली. तिला मैलभर लांबच्या उत्तरेकडच्या घरात पाठवलं, धुलाईला. मे आला. लोविना अठरा वर्षांची झाली, आणि कायमचं इथेच राहायच्या करारावर तिने आपल्या हाताने सही केली. तेव्हाही शाई मीच नेली होती.

तू विचारशील, मग थर्झा निघून का नाही गेली? मीही विचारलं होतं एकदा, धुणं आणायला गेले तेव्हा. हात थंड पाण्याने फुटलेले. म्हणाली, "कुठे जाऊ? इथून रविवारी वारा दक्षिणेचा असला की तिचं गाणं ऐकू येतं." त्यानंतर मी तिला भेटायला जायचं टाळलं. तोंड नव्हतं मला.

या फेब्रुवारीत तिच्या छातीत कफ भरला. रुग्णांच्या खोल्या आमच्याकडच्या घरात, म्हणून इथे आणलं. आणि रुग्णांची शुश्रूषा कोण करतं? लोविना. मी देवाचे आभार मानले, खरं सांगते. म्हटलं, आता तरी. शेवटल्या दिवशी मी मुद्दाम सूप घेऊन गेले आणि दारात घुटमळले. लोविनाने उशी सारखी केली, कपाळ पुसलं, अगदी मायेने. प्रत्येकाला पुसते तसंच. मग वाकून म्हणाली, "थर्झाताई, तुम्हाला काही हवंय का?"

थर्झा तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं, गेली. मग म्हणाली, "काही नको, ताई."

पोटच्या पोरीला ताई म्हणाली. लोविनाने मान डोलावली, पांघरूण नीट केलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीकडे गेली. सूप माझ्या हातात निवलं.

मी सत्तावीस वर्षं दर वसंतात रोडाताईंपुढे माझी पापं सांगत आलेय. सभेतला तो "नाही" अजून सांगितलेला नाही. आज तुला सांगितला, कारण तुझी पोर माझ्या मांडीवर आहे आणि तिच्या छातीत घरघर वाजतेय.

रडू नकोस, सफरचंदं काळी पडतील. काय म्हणतेस, सही केली नाही तर? तर गाडीत निजाल. ही पोर त्या गाडीत चार रात्री काढायची नाही, मला छातीचे आवाज कळतात. वाटलं होतं तुला सांगावं, जा, पळ, कागदाला हात लावू देऊ नकोस त्याला. सकाळपासून तेच घोकत होते. पण ते बघ, बर्फ पडायला लागलं.

तिचे पाय किती गार पडलेत. आण ती शाल. आणि हे बूट घे, बसतील तुला. थर्झाच्या पेटीत निघाले, एकदाही घातलेले नाहीत. कुठले म्हणून विचारलं तर केझायाने दिले म्हण, या वेळी मी हो म्हणेन.

गाद्या मी सकाळीच काढून ठेवल्यात. तुझी इथे वर, नवऱ्याची पलीकडच्या घरात. हिची पोरांच्या घरात, शेगडीजवळ.