टिबुकलीच्या घरट्याखालचं

गोव्यात आमच्या पार्शे गावात केरकचऱ्याला ‘कोयर’ म्हणतात, आणि एखाद्या गोष्टीला एकदा कोयर म्हटलं की ती फेकायला सगळे मोकळे. श्रावण सरताना, चतुर्थीच्या आधी, माझा धाकटा दीर माणसं घेऊन गावचं तळं, आमची तळी, साफ करायला उतरला. तो गावचा पंच. मला आधी बरंच वाटलं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतंच, विसर्जनाला म्हातारी माणसं घसरायची.

पण तळीच्या मध्यावर टिबुकलीचं घरटं तरंगत होतं. टिबुकली म्हणजे बुड्या मारणारा एवढासा पाणपक्षी. ती पाणवेली आणि कुजकी पानं रचून ओला ढीग करते, त्यावर अंडी घालते आणि उठून जाताना तीच पानं अंड्यांवर पांघरते. मी म्हापशाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे तेव्हा पिल्लं गेल्यावर अशा ढिगाचा पाण्याखालचा भाग बालदीत घालून बसने वर्गात न्यायचे. कंडक्टरची बोलणीही खाल्लीत त्यापायी. चहाच्या गाळणीत तो गाळला की मुली किंचाळायच्या. कोळंबीसारखी बारीक सुंगटं, गोगलगायी, पाणढेकूण, चतुरांच्या अळ्या! सगळ्यांचा संसार त्या कुजक्या पानांवर, आणि टिबुकलीची पिल्लं वाढतात ती असल्याच जिवांवर.

तर मी घाटावर पोचेपर्यंत माणसांनी बांबूच्या आकडीने घरटं काठाशी ओढलेलं.

“थांबा रे! अंडी आहेत त्यात!” मी ओरडले.

“खंय गे वयनी? कोयर नुसतो,” दीर म्हणाला.

मी साडी खोचून पाण्यात शिरले आणि वरची पानं बाजूला केली. मळकट पांढरी अंडी दिसली तसा तो ओशाळला. मनाने चांगला आहे, ते मी नाकारत नाही. घरटं परत आत ढकलायला लावलं त्याने, मोबाईलवर फोटोही काढला. पण ढकलताना ढीग कलला आणि खालची एक कड पाण्यावर आली. नुसती वळवळ.

“आगे बाये! तळयेक किडे पडल्यात!” दीर ओरडला.

आता काय बोलावं? आपल्याकडे किडे ‘पडतात’. फळात पडतात, जखमेत पडतात, वाईट बोलणाऱ्याच्या तोंडात पडोत म्हणून शापही देतात. ते कुठे सुखाने राहतात हे कोणाच्या तोंडी येतच नाही. “अरे मेल्या,” मी म्हटलं, “तळी जिवंत आहे म्हणून आहेत ते. पिल्लांचं जेवण आहे!” त्याने मान डोलावली. थोरल्या वहिनीपुढे मान डोलावणं म्हणजे होकार नव्हे, हे सासरी इतकी वर्षं काढल्यावर कळायला हवं होतं.

शुक्रवारी मी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेले. परत येते तर तळीला ब्लिचिंगचा उग्र वास. पोतीच्या पोती ओतली होती! गणपतीच्या डोक्यावर रानातलं फळन् फळ बांधून हात जोडणारी माणसं ही! माझं डोकं असं फिरलं की पिशवी पायरीवरच आपटली.

“राग कित्याक गे? घरट्याक हात लावूंक ना,” दीर म्हणाला. “अंडी तशीच आसात.”

खरंच तशीच होती. पाण्याचा तळ दिसत होता आणि गाव खूश होतं. टिबुकली परत येऊन अंड्यांवर बसली, तेव्हा जो भेटेल तो मला ते कौतुकाने दाखवायचा. नर-मादी आळीपाळीने उडून दुसरीकडे पोट भरून येत असतील. मोठ्यांना पंख असतात.

विसर्जनाच्या दिवशी पिल्लं आईच्या पाठीवर दिसली, पट्ट्यापट्ट्यांची. एवढ्याशा चोची वासून होती. नर बुडी मारायचा, वर यायचा, चोच रिकामी. पुन्हा बुडी. घाटावरची माणसं टाळ्या वाजवत होती.

“कितें सोदता तो?” दिराने विचारलं.

“जेवण. तू मारलंस ते.”

त्याने हातातली प्रसादाची नेवरी, म्हणजे गोड करंजी, मोडली आणि तुकडे पिल्लांच्या दिशेने टाकले.

टिबुकली नेवरी खात नाही.