सरपंच कार्ताहेनात

आमच्या सरपंचाजवळ कुणाला आजारी पडायची सोय नव्हती. नुसतं शिंकलं तरी ती कपाळावर उलटा हात ठेवायची, आणि त्या क्षणापासून त्या माणसाचा ताबा तिच्याकडे जायचा. काय खायचं, कधी झोपायचं, घरी काय कळवायचं, सगळं तीच ठरवणार. सावंगीला फिजिओथेरपी शिकत असताना वसतिगृहात एका मुलीला कावीळ झाली. सरपंचानं मेसच्या बाईंशी भांडून तिच्यासाठी बिनफोडणीचं वरण वेगळं काढून घेतलं, आणि तिच्या वडिलांना फोनवर दरडावलं, "काका, रडून नका राहू. मी आहो ना."

हे "मी आहो ना" आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की परीक्षेच्या आदल्या दिवशी ते ऐकल्याशिवाय मला जेवण जात नसे.

सरपंच हे नाव वसतिगृहातलंच. पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांत रोज भांडणं व्हायची. हिनं एका सकाळी बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि पाळ्या ठरवून टाकल्या. ती आर्वीची. वडिलांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. आम्ही पास झालो त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी आणि आमच्यातली तिसरी, मोना, नोकरीला लागलो; सरपंच आर्वीला परत गेली. सकाळी वडिलांचे हातपाय चालवायचे, दिवसभर सोयाबीनचं बियाणं विकायचं. एवढंच तिचं फिजिओथेरपीचं काम राहिलं. तक्रार कधी केली नाही. फक्त एकदा पिपरीला आमच्या घरी जेवताना म्हणाली, "काकू, मले समुद्र पाहाचा हाय. पण मुंबईचा नाई. असा पाहाचा, की तिथून मले कोणी आवाज देऊ नाई शकत."

दक्षिण अमेरिकेचं खूळ तिचंच. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती फोनवर तिकडचे व्हिडिओ बघत बसायची. कोलंबिया देशात कार्ताहेना म्हणून जुनं बंदर आहे, समुद्राला लागून तटबंदी, तटावर तोफा, आत रंगीत घरं, हे तिनं आम्हाला इतकं सांगितलं, की शेवटी आम्ही दोघींनी हो म्हटलं. व्हिसाची कागदपत्रं तिनंच जुळवली. एक महिना तिचा भाऊ दुकान आणि वडील सांभाळायला तयार झाला. विमानतळावर तिनं आमचे पासपोर्ट मागून घेतले, स्वतःच्या कमरेच्या पाऊचमध्ये घातले आणि चेन ओढली. "तुम्ही हरवता. माह्याजवळ राहू द्या." आम्ही मुकाट दिले. उलट बरंच वाटलं.

कार्ताहेनात उतरलो तेव्हा ऊन आपल्या मे महिन्यासारखंच होतं, फक्त घामानं ओलं. आम्ही पाठीवर सॅक घेऊन गल्ल्यांतून हिंडायचो. डोक्यावर फळांची परात घेतलेल्या, झालरीचे घागरे घातलेल्या बायकांशी सरपंच वऱ्हाडीत घासाघीस करायची आणि पपई स्वस्तात आणायची. अंडं भरून तळलेली मक्याची पुरी खाऊन म्हणाली, "यात मिरची कमी हाय, बाकी आपलीच हाय." आणि तटावर संध्याकाळी बसली की काही बोलायची नाही. बोलत नसलेली सरपंच मी तिथंच पहिल्यांदा पाहिली.

मग मला ताप आला. अंग असं मोडून आलं की डोळे फिरवले तरी दुखत होते. दोनच दिवसांनी आम्हाला बसनं सांता मार्ताला जायचं होतं, आणि तिथून वाटाड्याबरोबर जंगलातल्या एका हरवलेल्या नगरीपर्यंत पायी. कित्येक दिवसांची चाल, आत फोन लागत नाही. सरपंचानं कपाळावर उलटा हात ठेवला. "डेंगू दिसते," म्हणाली. "ट्रेक गेला चुलीत. तू झोप. मी आहो ना."

मी झोपले. खरंच निर्धास्त झोपले.

दोन दिवस तसेच तापात गेले; तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा दुपार होती. शेजारचे दोन्ही पलंग आवरलेले. दोघींच्या सॅक नव्हत्या. मला वाटलं, औषध आणायला गेल्या असतील. सॅक घेऊन कुणी औषध आणायला जात नाही, हे तापात लक्षात यायला वेळ लागला. मग आम्ही उतरलो होतो त्या हॉस्टेलच्या मालकीणबाई आल्या, दोन्या रोसा नावाच्या, पन्नाशीच्या, भक्कम. त्या फोनमध्ये स्पॅनिश बोलायच्या आणि फोन मला इंग्रजीत सांगायचा. फोन म्हणाला, "तुमची मैत्रीण म्हणाली की तुमचा भाऊ दुपारी येऊन तुम्हाला नेणार आहे. तो अजून का आला नाही?"

मला भाऊच नाही.

सरपंचाचा फोन बंद होता, मोनाचाही. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा दोन्या रोसांनी टॅक्सी बोलावली. दवाखान्याच्या खिडकीतली मुलगी पासपोर्ट मागत होती. माझ्या फोनमध्ये त्याचा फोटो होता. तिला मूळ हवा होता. तो सरपंचाच्या कमरेला बांधलेला, जंगलाच्या वाटेला लागला होता. दोन्या रोसा त्या खिडकीत अर्ध्या शिरून जे काही बोलल्या त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण शेवटी त्यांनी स्वतःचं ओळखपत्र तिच्यापुढे आपटलं आणि मला आत घेतलं गेलं. सलाईन लागलं. त्या बाई खुर्ची ओढून बसल्या आणि ओल्या फडक्यानं माझं कपाळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काल रातीच सरपंचचा मेसेज आला बाई. तुह्या उशाशीच बसून हाय म्हणे. तांदळाची पेज करून पाजली म्हणे. अशी मैत्रीण कोणाले भेटते वं?"

मी आईला काही सांगितलं नाही. सातासमुद्रापलीकडे लेक एकटी पडली आहे, हे ऐकून तिनं काय केलं असतं? पण त्या वेळी तापापेक्षा जास्त काहीतरी माझ्या अंगातून उतरून गेलं, आणि ते परत आलं नाही.

त्या दोघी परतल्या तेव्हा मी हॉस्टेलच्या अंगणात भिंतीला टेकून बसले होते. मोना धावतच आली. "तुझा मावसभाऊ आला होता ना? तूच म्हणालीस ना, तुम्ही जा म्हणून?" मी मान हलवून नाही म्हटलं. मोनानं सरपंचाकडं पाहिलं, आणि आत निघून गेली.

सरपंच उन्हानं काळवंडली होती. पायाला फोड, चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं तेज. तिनं पाऊच उघडून माझा पासपोर्ट पुढं केला.

"झाली ना बरी? मंग?"

"काऊन गेली तू?" मी विचारलं. रागात माझ्याही तोंडून घरचीच भाषा आली.

तिनं पाऊचची चेन ओढली. मग म्हणाली, "सगळ्यायसाठी मीच थांबून राह्यली आजलोक. बाबासाठी थांबली, दुकानासाठी थांबली. इथं पन थांबली असती तं मले परत कवा जाता आलं असतं? एकदा नाई थांबली."

"मंग जातो म्हनून सांगाचं. मी जा म्हटलं असतं."

"म्हटलं असतं तू," ती म्हणाली, "पन माह्याकडं पाहून म्हटलं असतं. ते मले नोको होतं."

हे उत्तर मी आजही कधीकधी उलटसुलट करून बघते. त्यात खरं आहे. पण आईला धाडलेली ती पेज कुठल्या बाजूनं बसवायची, ते मला जमलेलं नाही.

परत आल्यावर आईनं तिला जेवायला बोलावलं. पाटोडीचा रस्सा केला, नवी साडी आणली. सरपंच येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली. जेवताना आईनं विचारलं तसं सांगतही गेली: ताप किती चढला, ओलं फडकं कसं बदललं, खिडकीतल्या मुलीशी कशी भांडली. ही भांडणाची हकीकत मीच मोनाला सांगितलेली होती. आता ती सरपंचाच्या तोंडी अशी शोभत होती, की क्षणभर मलाही ती तिथं दिसली.

आईनं तिला पाटावर बसवलं. कुंकवाचं बोट कपाळाकडं नेलं तेव्हा मी म्हणाले, "आई, ही नव्हती तिथं. मले एकटीले टाकून गेली होती. फडकं ठेवणारी बाई दुसरी होती."

आईचं बोट तिथंच थांबलं. तिनं सरपंचाकडं पाहिलं. सरपंचानं मान खाली घातली. आईनं कुंकू लावलं. तांदूळ, नारळ, साडी, सगळं ओटीत घातलं. सरपंच आईच्या पाया पडली, पदर सावरून उठली आणि गेली. साडी तिनं नेली.

मग आई माझ्याजवळ येऊन बसली. "त्या बाईचं नाव काय वं?" एवढंच तिनं विचारलं.

त्यानंतर आमचं बोलणं नाही. आर्वीचं कुणी ना कुणी आमच्याकडं उपचाराला येतं आणि तिचं कौतुक सांगतं. कुणाच्याही दुखण्यात पहिली धावते म्हणे. ते खोटं नसणार.

मागच्या महिन्यात अमरावतीहून येताना आमची बस आर्वीच्या डेपोत थांबली. पलीकडच्या फलाटावर सरपंच होती. एका काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तिनं दुसऱ्या बसमध्ये चढवलं, खिडकीजवळ बसवलं, कंडक्टरला कुठं उतरवायचं ते दोनदा बजावलं. मग खाली येऊन खिडकीखाली उभी राहिली. म्हातारी आतून तिचा हात धरून हसत होती. अगदी निर्धास्त.

मी काच सरकवून बघत राहिले. म्हातारीची बस सुटेपर्यंत ही थांबते का, एवढंच मला पाहायचं होतं. पण आमचीच बस आधी सुटली.