सतरावा दिवस

कार्त्यायनीनं कोल्लमच्या काजूच्या भट्टीवर तीस वर्षं टरफलांचा धूर खाल्ला. आता न्हाणीतून ओसरीवर यायचं म्हटलं तरी मध्ये दोनदा भिंत धरावी लागे. कंटाळली होती बिचारी, श्वास मोजून मोजून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दम्याचा, तोंडानं ओढायचा पंप दिला होता. शिवाय पावसाळ्यातला कर्किडकम महिना लागला की सुकुमारन वैद्यर काढा आणि अवलेह देत, एक्केचाळीस दिवस, कडक पथ्यावर. दही नाही, केळं नाही, रात्री नुसती कंजी, तांदळाची पेज. गेली दोन वर्षं पथ्य अर्ध्यातच मोडलं होतं. यंदा जीव गेला तरी ते पुरं करायचं, असं तिनं मनाशी घेतलं.

आणि पहिल्याच दिवशी तिनं पंप तांदळाच्या डब्यात पुरला. पथ्यात दुसरं औषध चालत नाही, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग विचारायचं कुणाला आणि कशाला?

नवव्या दिवशी सकाळी ओठ निळे पडले. सून लेखा धावत जाऊन वैद्यरांना घेऊन आली. त्यांनी नाडीला हातही लावला नाही.

"पंप कुठाय हिचा?"

लेखा घरभर शोधू लागली. शेवटी म्हातारीनंच डब्याकडे बोट केलं. वैद्यरांनी तांदूळ झटकून पंप तिच्या तोंडाशी धरला.

"पथ्य मोडेल," ती कशीबशी म्हणाली.

"ओढ आधी. पथ्य जेवणाचं सांगितलं होतं मी, श्वासाचं नाही."

चार वेळा ओढल्यावर जरा जीवात जीव आला. लेखा रिक्षा बघायला धावली. दवाखान्यात न्यायचंच होतं. वैद्यर पायरीवर टेकले. तेही थकले होते, दर कर्किडकमात कुणाला ना कुणाला हेच सांगून.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"शिकवायचं काय त्यात? माझ्या आईला तुमच्याच वडिलांचं औषध होतं. हाच दमा. सतराव्या दिवशी गेली, पण पथ्य मोडलं नाही. दवाखान्याच्या गोळ्या मी फळीवर ठेवून दिल्या होत्या." हे ती आजवर सगळ्यांना मान ताठ करून सांगत आली होती.

वैद्यर तिच्याकडे वळले.

"गोळ्या बंद करा, असं बाबा म्हणाले होते?"

कार्त्यायनीनं आठवून पाहिलं. वैद्यरांचे वडील ओसरीवर बसले होते, पुड्या बांधत होते. दह्याचं बोलले, केळ्याचं बोलले.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही विचारलंच नाही."

बाहेर रिक्षा थांबली. लेखानं तिला काखेत हात घालून उठवलं. कार्त्यायनीची मूठ पंपावर घट्ट आवळलेली होती.

"वैद्यर," दारात थांबून ती म्हणाली, "आईनं मागितली होती गोळी. दोनदा मागितली."