गुरुवारच्या वर्गात नापास

बायको गेल्यानंतरच्या वर्षी माझी साखर इतकी वाढली की डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं आणि मला गुरुवारच्या वर्गात धाडलं. भांडुपच्या आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी सकाळी जुन्या मधुमेह्यांचा वर्ग भरतो. पोटावर इंजेक्शन कुठे टोचायचं, आरशात तळपाय कसे बघायचे, घाम फुटून हात थरथरले तर आधी ग्लुकोज तोंडात टाकायचं, हे सगळं एक सिस्टर शिकवतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण दरारा हेडमास्तरांचा.

पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. अडुसष्टाव्या वर्षी बाकावर बसून पाय पुसायला कोण शिकणार? पण तिसऱ्या आठवड्यापासून मी बुधवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवू लागलो. शेजारी नाहूरच्या एक आजी बसायच्या. त्या लपून खाल्लेल्या फणसपोळीची कबुली द्यायच्या, सिस्टर ओरडायच्या, सगळे हसायचे. मग सिस्टर मला विचारायच्या, काल रात्री काय जेवलात. घरी हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मुलगी परदेशात असते. ती रविवारी फोन करते आणि मी तिला सगळं झकास आहे म्हणून सांगतो.

वर्गाचा नियम साधा होता. रोज सकाळी उपाशीपोटी यंत्रावर साखर मोजायची, वहीत लिहायची. महिनाभर आकडे ताब्यात राहिले की माणूस पास, मग त्याने थेट तीन महिन्यांनी यायचं. माझी साखर दुसऱ्याच महिन्यात शहाण्यासारखी उतरली. मी घाबरलो. कंपनीत तीस वर्षं सुट्या भागांना गेज लावून मापं लिहिली, एकही खोटं लिहिलं नव्हतं. त्याच हाताने एकशे दहाच्या जागी एकशे नव्वद लिहिलं.

वही बघून सिस्टरनी डॉक्टरांना विचारलं आणि इन्सुलिन दोन युनिटने वाढवलं. पुढच्या गुरुवारी आणखी दोन. गंमत म्हणजे आकडे खोटे लिहिणारा मी, डोस मात्र इमानदारीत टोचत होतो. सिस्टरनी सांगितलेलं टाळणं माझ्या जिवावर यायचं.

एका सोमवारी साडेअकराच्या सुमारास दुधी चिरताना सुरी हातातून पडली. अंग घामाने भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. ग्लुकोजचा पुडा ओट्यावरच होता, पण तो फाडायला किती वेळ लागला देव जाणे. फरशीवर बसून मी कोरडंच ग्लुकोज तोंडात ओतलं. शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत होता. हाक मारायला दम नव्हता, आणि कोणाला मारायची तेही सुचलं नाही. जरा हुशारी आल्यावर मोजली, तेव्हा कुठे साखर साठ. वहीत त्या दिवसाचे एकशे ऐंशी मी सकाळीच लिहून ठेवले होते. ते मी खोडले नाहीत.

गुरुवारी वही बघून सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. डोस पुन्हा वाढवायला लागणार, म्हणाल्या. आता मात्र मला खरोखर मरणाची भीती वाटली.

"सिस्टर, आकडे खोटे आहेत."

त्यांनी यंत्र मागितलं. जुनी मापं त्यात साठून राहतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. एकेक बघत त्या साठवर थांबल्या.

"काका, वाट लागली असती ना तुमची. कशासाठी केलंत हे?"

"पास झालो असतो तर तीन महिने यायला मिळालं नसतं."

सिस्टर वही आणि यंत्र घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. नाहूरच्या आजी मान खाली घालून बसल्या. त्याच दिवशी डॉक्टरांनी डोस उतरवला आणि महिनाभर मी खरेच आकडे लिहिले. मग नियमाप्रमाणे सिस्टरनी मला पास केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी उठलो तशी बाकावर एक नवे पेशंट येऊन बसले.

पुढच्या गुरुवारी सवयीने इस्त्रीचा शर्ट घातला आणि साखर मोजली. अठ्ठ्याण्णव. इतका चांगला आकडा मला कधीच आला नव्हता. मी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि हे आता कोणाला दाखवायचं, या विचाराने मला रडू आलं.