ओढ्याकडचा उतार

हिच्यासोबत, म्हणजे बायकोसोबत, शेवटचं काम केलं ते मेथीच्या जुड्या बांधायचं. बांधता बांधता ही म्हणाली, "अहो, वाटणीत पोराला सपाट रान अन् पोरीला ओढ्याकडचा उतार? तिथं पाणी तरी थांबतं का?"

"पोरीला दिलं हेच लय झालं."

"मग जुड्याबी तुम्हीच बांधा," म्हणत हिने ओली मेथी माझ्या मांडीवर टाकली अन् हसली. दोन दिवसांनी ही गेली. वाद मी जिंकलो, असंच सहा वर्षं धरून बसलो.

काल पोरीची लेक इंदिरानगरहून आली. वकिली शिकते. मेथी निवडताना आईच्या उताराची गोष्ट निघाली, तशी म्हणाली, "आजोबा, लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे. तिच्यात 'इनिक्वस' म्हणजे अन्यायाचं. उंचसखल जमिनीलाही तोच शब्द."

मी चौथी शिकलेला. पण मेथीचा तोच वास नाकात होता, अन् कुठल्या लांबच्या माणसांनीबी बायकोचंच म्हणणं धरलेलं.

आज सकाळी पोराला उठवलं. "सपाट रानातलं निम्मं तुझ्या बहिणीला द्यायचं. माझं चुकलं."

तो उठून बसला. मग चप्पल शोधत म्हणाला, "मग उतारातलं निम्मं मला द्या, अण्णा. दोघं मिळून बांध घालू, म्हणजे पाणी थांबंल."

दोरी घेऊन आम्ही मोजायला निघालो.