हात चोळणारी

प्रसूतीचं शिक्षण देण्यात उभा जन्म घालवलेल्या ट्यूटरबाई आता निवृत्त झाल्या आहेत. जुने दिवस आठवले की त्यांना आधी आठवतात आपले थंडगार हात. नर्सिंग शिकताना वसतिगृहातल्या मैत्रिणी त्यांना ‘लादी’ म्हणायच्या, बर्फाची. तेव्हा त्या बाई कसल्या, पोरच होत्या. म्हणून आपणही त्यांना ‘लादी’च म्हणू.

पहिल्याच तपासणीत लादीने पोटावर हात ठेवला आणि ती गरोदर बाई अशी दचकली, की दोघीही ओशाळल्या. तेव्हापासून आधी तळवे खसाखसा चोळायचे, स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि मगच पोटाला हात लावायचा, अशी सवय तिने लावून घेतली.

त्या वर्षी नवा नियम निघाला. एका विद्यार्थिनीने एकाच बाईला पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत साथ द्यायची. बोलायला सोपं होतं, पण तपासणीची खोली, प्रसूतिकक्ष आणि वॉर्ड ही तीन वेगळी संस्थानं होती. एकातलं माणूस दुसऱ्यात खपत नसे.

दचकलेली ती बाईच लादीच्या वाट्याला आली. कपडे शिवायची, भरपूर बोलायची. हे तिचं दुसरं बाळंतपण.

“पहिल्या वेळी दर खेपेला नवं तोंड,” ती एकदा म्हणाली. “कळा देताना जवळ कोण होतं, आजही आठवत नाही. फार घाबरले होते गं. या वेळी तू असशील ना?”

“असेन,” लादी म्हणून बसली.

आणि नेमकी ती बाई कळा सुरू होऊन आली तेव्हा लादीची ड्यूटी वॉर्डात होती. निरोप मिळताच वॉर्डातल्या सिस्टरच्या हातापाया पडून ती धावत प्रसूतिकक्षाच्या दाराशी पोचली. तिथल्या मोठ्या सिस्टरना हा नियम म्हणजे नसती उठाठेव वाटायची.

“तुझी ड्यूटी कुठे?”

“वॉर्डात, सिस्टर.”

“मग वॉर्डात जा. इथे माझ्या मुली आहेत.”

दार लोटलं गेलं, पण पुरतं लागलं नाही. लादीचा पाय निघेना. शब्द दिला होता आणि तो आता तिच्या डोळ्यांदेखत मोडत होता. आतून शिवणवालीचा आवाज आला, “हात नका लावू. ती आधी चोळते.”

“कोण चोळते?” मोठ्या सिस्टर.

“माझी ती. येते म्हणाली होती.”

मोठ्या सिस्टरची पावलं दाराकडे आली. मग दार उघडलं. लादी तिथेच उभी होती आणि तिच्याही नकळत तळवे चोळत होती. मोठ्या सिस्टरनी तिच्या हातांकडे पाहिलं.

“चल आत. एप्रन चढव.”

शिवणवालीने लादीचं मनगट धरलं ते बाळ रडेपर्यंत सोडलं नाही. मोठ्या सिस्टरनी कौतुकाचा शब्द काढला नाही, पण त्यानंतर दारावर कुठल्याच मुलीला अडवलं नाही.

काही वर्षांनी लादी स्वतः त्याच खोलीत, त्याच खाटेवर कळा देत होती. ड्यूटीवरच्या मुली ओळखीच्या होत्या, तरी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात पडदा सरकला. समोर घरच्या कपड्यांत मोठ्या सिस्टर.

“सिस्टर, आज तुमची सुट्टी ना?”

त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात धुऊन पुसले आणि खाटेजवळ येऊन त्या तळवे खसाखसा चोळायला लागल्या. इतका वेळ दात-ओठ आवळून कळा सोसणारी लादी तेव्हा मात्र ढसाढसा रडली.