छोट्या लाइनच्या इंजिनाचं पुस्तक

काल आमच्या शहरातल्या फूलबागेजवळ जनरेटरच्या डिझेलचा वास आला आणि मला थाटीपूर भागातले ते रेल्वेतले निवृत्त फिटर काका आठवले. छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीच्या, जुन्या डिझेल इंजिनाचं दुरुस्तीचं पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं. दूरच्या एका गावात काही हौशी मंडळी तसलंच बंद इंजिन दुरुस्त करताना अडली होती, म्हणून मी ते मागायला गेलो. "पुस्तक घराबाहेर जाणार नाही," काका म्हणाले, "इथंच बसून फोटो काढा." मग अंगणातल्या उन्हात ते एकेक तेलकट पान बोटांनी दाबून धरत होते आणि मी मोबाइलनं फोटो काढत होतो. सगळी पानं त्या मंडळींना पाठवली. महिन्याभरानं त्यांचा व्हिडिओ आला, तो घेऊन मी धावतच काकांकडे गेलो. व्हिडिओत इंजिन खोकलं, त्यानं भसकन धूर सोडला आणि ते धडधडायला लागलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "एक सिलिंडर नीट चालत नाहीये, सांगा त्यांना," ते म्हणाले, आणि मग एकदम ओरडले, "अगं, बाहेर ये, चल पडा ना, सुरू झालं आपलं इंजिन!" काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि आम्ही तिघांनी तो व्हिडिओ कितीदा तरी लावला. आता माझ्याकडे अशी बरीच पुस्तकं जमली आहेत. मागेल त्याला मी ती लगेच पाठवतो, अट एकच घालतो: इंजिन सुरू झालं की मला त्याचा आवाज ऐकवायचा.